समई दारात लावा, रंगमंच कोरडा ठेवा
मराठवाड्यातली नाट्यगृहं चालवणाऱ्या महापालिका, नगरपालिका, शिक्षणसंस्था आणि त्यांच्या सांस्कृतिक समित्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

समकालीन बॅलेचा शुभारंभाचा प्रयोग आपल्या गावी लावायचं कुणी मनावर घेतलं, की बैठकीत पहिली चर्चा होते उद्घाटक कोण याची, दुसरी पत्रिकेवरच्या नावांची आणि तिसरी पासांची. रंगमंचाच्या जमिनीचा विषय शेवटी निघतो, नाहीतर निघतच नाही. आम्ही नृत्याच्या प्रयोगांमागे काम करणारी माणसं आहोत. कुणी प्रकाश बघतं, कुणी जमीन अंथरतं, कुणी ध्वनी, कुणी नर्तकांची तयारी. कुठल्या एका नाट्यगृहाची तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जागा कोणतीही असो, पहिली रात्र बिनघोर पार पडावी यासाठी आपल्या हातात काय आहे तेवढंच मांडायचं आहे. आपल्याकडे मागणं मुख्यतः दोन गोष्टींचं आहे. नाट्यगृह आदल्या सकाळपासून सलग मोकळं द्या, आणि जमीन अंथरल्यावर रंगमंचावर तेल, पाणी, मेण, पाकळी यातलं काहीही पडू देऊ नका.

आधी प्रकार कोणता ते थोडक्यात. समकालीन बॅलेत पायाची बैठक जुन्या बॅलेचीच असते, मांडीपासून बाहेर वळलेली. टोकाचे बूट, म्हणजे ज्यांच्या टणक टोकावर उभं राहून नाचतात ते, कधी असतात, कधी नुसते मऊ बूट किंवा मोजे. पण धड सरळ राहत नाही. नर्तक तोल सोडतात, एकमेकांना ऐनवेळी झेलतात, गुडघ्यावर घसरतात, पाठीवर लोळतात. नृत्यरचनाकार जॉर्ज बालन्शिननं विसाव्या शतकाच्या मध्यात कथा आणि नेपथ्य बाजूला सारून नुसती हालचाल आणि संगीत ठेवलं. विल्यम फोर्साईथनं १९८४ पासून फ्रँकफर्टमध्ये ती हालचाल तोल ढळेपर्यंत ताणली. आपल्याकडे बॅले म्हटलं की उदय शंकर, १९५२ साली मुंबईत शांती बर्धन यांनी उभा केलेला लिटल बॅले ट्रूप, सचिन शंकर यांची मंडळी अशी परंपरा डोळ्यांपुढे येते. तिथे गोष्ट असते, पात्रं असतात, रंगीत पोशाख असतात. इथे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. रिकामा रंगमंच, अंगाला घट्ट बसणारे साधे कपडे, आणि माणसं. त्यामुळे झाकायला काही उरत नाही. जमिनीत खोट असली की ती थेट नाचात उतरते.

रंगमंचावर लाकूड दिसतं म्हणून जमीन लाकडी आहे असं धरून चालू नका. कोब्यावर थेट ठोकलेलं प्लायवूड नर्तकाच्या पायाला सिमेंटच लागतं. ओळखायची रीत सोपी आहे. टाचेनं चार-सहा ठिकाणी जोरात आपटून बघा. खाली पोकळी आणि लाकडी सांगाडा असेल तर आवाज खोल येतो आणि शेजारी उभ्या माणसाच्या तळव्याला हादरा कळतो. बद्द आवाज येऊन आपलीच टाच झिणझिणली, तर खाली कोबा आहे. उंच उडीवरून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तालमी धरल्या तर अशा उड्या दिवसाला शेकड्यांनी होतात. जमिनीनं त्यातला थोडाफार भार खाल्ला नाही तर सगळा नडगीत आणि पावलाच्या लांब हाडांत जातो. त्या हाडाला केसाएवढी चीर गेली की नर्तक दीड-दोन महिने घरी.

कायमची लवचीक जमीन करून घ्यायला अंदाजपत्रक लागेल, ठराव लागेल, ते सावकाश होऊ द्या. तात्पुरती मात्र गावातल्या सुताराकडून होते. दाट फोमचे किंवा रबराचे इंचभर जाडीचे चौकोनी तुकडे फूट-फूट अंतरावर प्लायच्या पाठीला चिकटवायचे आणि ती पाठ खाली करून तक्ते अंथरायचे. दुसरा थर पहिल्याला आडवा टाकायचा, म्हणजे वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येत नाहीत. मग दोन्ही थर स्क्रूनं आवळायचे, स्क्रूची डोकी लाकडात बुडवून. १० मीटर बाय १० मीटर जागेला आठ बाय चार फुटांचे, १२ मिलिमीटर जाडीचे तक्ते एका थराला ३४ बसतात. कापाकापी धरून ३६ आणा, म्हणजे दोन थरांचे ७२. दोन सुतार आणि हाताखाली चौघं असतील तर पूर्ण दिवसाचं काम आहे, म्हणून जिथे ही जमीन घालायची तिथे आणखी एक दिवस लागेल. मंडपवाल्याकडचं प्लाय घेऊ नका. ते पावसात फुगून वाकलेलं असतं आणि त्यात जुन्या खिळ्यांची टोकं राहिलेली असतात, जी वर अंथरलेल्या व्हिनाइलला खालून भोक पाडतात. तयार जमीन दोन इंचांनी उंच होते, म्हणून विंगेच्या बाजूला उतरती पट्टी ठोका. अंधारात धावत आत जाणारा नर्तक त्या दोन इंचांवरूनच पडतो.

हा खर्च एका बॅलेपुरता नाही. कथकवाल्यांचे गुडघेही याच कोब्यावर झिजतात. फरक इतकाच की कथकला उघडं लाकूड हवं, व्हिनाइलवर पायाचा बोल बसका होतो. बॅलेला व्हिनाइल हवं, कारण उघड्या लाकडावर टोकाचा बूट सांध्यात अडकतो आणि लोळताना कूस पाठीत जाते. लवचीक लाकूड कायमचं आणि व्हिनाइल गुंडाळून ठेवलेलं, अशी सोय असेल तर दोन्ही घरं सांभाळली जातात.

आता व्हिनाइल, म्हणजे नाचासाठीचं रबरी वाटणारं, चकाकी नसलेलं आच्छादन. रोल साधारण दीड किंवा दोन मीटर रुंदीचे मिळतात. १० मीटरच्या रंगमंचाला दोन मीटरचे पाच पट्टे लागतात, दीडचे सात. पट्टे डावीकडून उजवीकडे, पहिला मधोमध, मग पुढे-मागे. सांध्यांवर ५० मिलिमीटर रुंदीची व्हिनाइल टेप. पाच पट्ट्यांचे चार सांधे म्हणजे ४० मीटर, भोवतीची कड आणखी ४०. ३३ मीटरची तीन रिळं लागतात, चौथं हाताशी ठेवा. पार्सलची खाकी टेप नको. तिचा गोंद व्हिनाइलवर राहतो, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या प्रयोगाला तिथेच पाय चिकटतो. लग्नातलं हिरवं मॅटिंग तर चुकूनही अंथरू नका. त्यात पाऊल रुतून राहतं, वरचं शरीर गिरकी घेतं, आणि मध्ये सापडतो गुडघा.

व्हिनाइलची खरी फजिती आपल्या हवेत होते. ते उष्णतेनं पसरतं, गारव्यानं आखडतं. मे महिन्यात दुपारी बंद नाट्यगृहात ते ताणून अंथरलं, टेप मारली, आणि वीजबिलाच्या धास्तीनं एसी प्रयोगाआधी अर्धा तास सुरू केला, तर दुसऱ्या अंकापर्यंत सांधे फटी दाखवू लागतात. टोकाच्या बुटाचं टोक पाच रुपयांच्या नाण्याएवढं असतं; त्याला तेवढी फट पुरते. उलट गार हवेत अंथरून नंतर हॉल तापला तर मधोमध फुगे येतात. म्हणून रोल आदल्या रात्रीच नाट्यगृहात आणून ठेवावे, अंथरताना एसी किंवा कूलर प्रयोगाच्या वेळी असेल तसाच चालू असावा, आणि पट्टे दोन तास सैल सोडून मगच टेप मारावी. एसीचे हे जादा तास भाड्याच्या पावतीत आधीच धरा, म्हणजे ऐनवेळी व्यवस्थापक आणि आयोजक यांच्यात वाद होत नाही.

पुसायचं कसं, हे सफाई कामगारांना कुणीतरी शांतपणे सांगितलं पाहिजे, कारण त्यांची चूक नसते. रंगमंच फिनाइलनं पुसायची सवय सगळीकडे आहे. फिनाइलचा पातळ थर जमिनीवर राहतो आणि नजरेला स्वच्छ दिसणारी जमीन पायाखाली सटकते. पॉलिश, रॉकेलचा बोळा, सुगंधी लिक्विड, काहीही नको. साधं पाणी, पिळून जवळपास कोरडा केलेला पोछा, डाग असेल तर भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि त्यावर पुन्हा दोनदा साधं पाणी. प्रेक्षकांना आत सोडण्याआधी शेवटचा हात मारून जमीन पूर्ण वाळलेली हवी. त्यानंतर त्यावर चप्पल-बूट घालून कुणीच नाही, अध्यक्षसुद्धा नाहीत. आपल्याकडची काळी माती बुटाच्या खाचांतून पिठासारखी गळते. आडव्या प्रकाशात तिचे ठसे शेवटच्या रांगेतून दिसतात, आणि पाठीवर लोळून उठलेल्या नर्तकाच्या अंगावर तर त्याहून जास्त.

यातूनच उद्घाटनाचा मुद्दा येतो. तो नाजूक आहे, पण स्पष्टच लिहितो.

दीपप्रज्वलन रंगमंचावर करू नका. समई भरताना तेल ओघळतं. मेणबत्ती पाच पाहुण्यांच्या हातून फिरते, प्रत्येक वात लागेपर्यंत तिरकी धरली जाते, आणि तिचं मेण समईच्या पुढ्यात ठिबकतं. ती जागा नेमकी रंगमंचाच्या पुढच्या मध्यावर असते, जिथे नाचाची सगळ्यात वेगवान वाक्यं येतात. तेलाचा थेंब कापडानं पुसला की तो जात नाही, पसरतो. टिपकागदानं टिपून घ्या, साबणाचं पाणी, मग दोनदा साधं पाणी, मग वाळवणं, अशी पंधरा-वीस मिनिटं जातात, तीही पडद्याबाहेर टाळ्या पडायला लागल्यावर. नारळाचं पाणी याहून वाईट. त्यातली साखर वाळली की जमीन चिकट होते. घसरणं जसं धोक्याचं, तसंच गिरकीत पाय अचानक धरला जाणंही. पायघड्या, रांगोळी, पुष्पवृष्टी यांचंही तेच; झेंडूची एक पाकळी टाचेखाली आली तरी पुरते.

नटराजपूजन आम्हालाही हवंच असतं. ते आदल्या सकाळी करावं, जमीन अंथरण्याआधी, आणि नारळ मागच्या दाराच्या पायरीवर फोडावा. समई, पाहुण्यांचं स्वागत, शाल-श्रीफळ हे सगळं प्रवेशदारातल्या दालनात करा. तिथे लोक उभे असतात, फोटो चांगले येतात, भाषणंही आपोआप आखूड होतात. सत्कार रंगमंचावरच व्हावा असा आग्रह असेल तर तो शेवटच्या अभिवादनानंतर करा. तेव्हा नर्तकही तिथेच असतात आणि प्रेक्षकांनाही टाळ्या कशासाठी वाजवायच्या ते कळलेलं असतं.

भाषणं आधी का नकोत याला आणखी एक कारण आहे. नर्तक तास-सव्वा तास अंग मोकळं करून, घाम आणून पडद्यामागे उभे असतात. तापलेले स्नायू पंधरा-वीस मिनिटांत गार पडायला लागतात. सातचा प्रयोग पावणेआठला सुरू झाला तर पहिल्याच उडीला पोटरी किंवा मांडीची मागची शीर धरते. आपल्याकडे उशिरा सुरू होणं कुणी मनावर घेत नाही, नाटकात ते खपूनही जातं. इथे त्या उशिराची किंमत नर्तकाचं अंग मोजतं.

वेळेचा हिशेब असा बसतो. नाट्यगृहं सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी भाड्यानं जातात आणि आयोजक पैसे वाचवायला प्रयोगाचं एकच सत्र घेतो. बॅलेला दोन्ही दिवसांची सगळी सत्रं लागतात. पहिल्या दिवशी सकाळी आठला दार उघडावं. दुपारपर्यंत दिवे टांगणं आणि त्यांचे कोन लावणं, कारण शिडी व्हिनाइलवर फिरवता येत नाही. दुपारी जमीन. चारनंतर नर्तकांना जागा समजावून देणं, कारण तालमीच्या खोलीत आणि या रंगमंचात दोन-तीन पावलांचा फरक असतोच. रात्री प्रकाशाचे बदल एकेक करून लावणं. दुसऱ्या दिवशी सकाळी सराववर्ग, दुपारी कपड्यांसह पूर्ण रंगीत तालीम, मग विश्रांती, पुन्हा अंग तापवणं आणि प्रयोग. मधल्या सकाळी शाळेचं स्नेहसंमेलन किंवा एखाद्या पक्षाचा मेळावा घुसवला, की अंथरलेली जमीन काढावी लागते, दिव्यांचे कोन हलतात, आणि आदला सगळा दिवस वाया जातो. सवलतीचा दर द्यायचाच असेल तर तो प्रयोगाच्या सत्राला नको, तयारीच्या सत्रांना द्या.

प्रकाशाचं तंत्र नाटकाहून वेगळं आहे. नाटकात दिवे समोरून, चेहरा दिसावा म्हणून. समोरचा प्रकाश शरीराला सपाट करतो. हात पुढे आला की मागे गेला ते कळत नाही. नाचाला बाजूचा प्रकाश लागतो, विंगांतून आडवा. दर विंगेत एक उभा पोल, त्यावर एक दिवा नडगीच्या उंचीला, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, दुसरा कमरेच्या थोडा वर, बाकीचे डोक्याच्या वर. चार विंगा दोन्ही बाजूंना धरल्या तर आठ पोल, प्रत्येकी चार दिवे, म्हणजे ३२. हजार वॅटचे जुने हॅलोजन असतील तर एवढ्यांचाच भार ३२ किलोवॅट, वरचे आणि पाठपडद्याचे वेगळे. दोन-अडीचशे वॅटचे एलईडी आणले तर आठ किलोवॅटच्या आत काम होतं. वायरमनला मंजूर भार किती आणि तिन्ही फेजवर तो वाटला आहे का, हे आठवडाभर आधी विचारा. पोलच्या बुडाशी वाळूच्या पिशव्या आणि वरचं टोक दोरीनं बांधलेलं हवं. केबल पोलच्या बाहेरच्या अंगानं न्यावी, नर्तकांच्या वाटेत आडवी एकही नको.

आणि विंगा रिकाम्या. नर्तक पूर्ण वेगानं आत येतो, त्याला थांबायला अडीच मीटर तरी मोकळी जागा लागते. आपल्याकडे विंगेत खुर्च्या, मागच्या नाटकाचा सोफा, चहाचा थर्मास आणि समितीच्या सदस्यांचे पाहुणे असतात. बाजूनं प्रकाश असल्यामुळे विंगेत उभ्या माणसाची सावली थेट नाचावर पडते. पहिल्या रांगेचा पास न मिळालेल्यांना विंगेत उभं करण्याची पद्धत या एका प्रयोगापुरती बंद ठेवा.

एक छोटी वस्तू मात्र आठवणीनं करा, खर्च जवळपास शून्य. नर्तक गिरक्या घेतो तेव्हा चक्कर येऊ नये म्हणून नजर एका बिंदूवर रोखतो, शरीर फिरत राहतं आणि डोकं शेवटी झटक्यात वळून पुन्हा त्याच बिंदूवर येतं. अंधाऱ्या प्रेक्षागृहात तो बिंदू कुठून आणायचा? शेवटच्या रांगेमागच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, रंगमंचावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला एक बारीक मंद लाल दिवा लावतात. त्यावरच रंगमंचाचा मध्यही कळतो. म्हणून त्या भिंतीपाशी प्रयोग चालू असताना दार उघडू नये, आणि मोबाइलचे उजेड तिथे मिणमिणू नयेत. एकाऐवजी दहा बिंदू दिसले की नजर चुकते, नजर चुकली की गिरकी ढळते.

विजेबद्दल मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. जनरेटर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वीज गेल्यापासून जनरेटर भार घेईपर्यंत अर्धं मिनिट गेलं तरी प्रकाशाचा आणि ध्वनीचा बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात एक नर्तकी दुसऱ्याच्या खांद्यावर असू शकते. दोन्ही बोर्डांना यूपीएस द्या, विंगांत बॅटरीचे निळे दिवे ठेवा, आणि आदल्या दिवशी मेन स्विच खरोखर खाली पाडून बघा. बघितल्याशिवाय कळत नाही.

ध्वनीचं थोडक्यात. २९ मे १९१३ ला पॅरिसमध्ये रशियन नर्तक निजिन्स्कीनं बसवलेल्या नव्या बॅलेच्या पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला, की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, आणि निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून मात्रा ओरडत राहिला. आपल्याकडे प्रेक्षक शांत असले तरी नर्तकांना ऐकू येत नाही, कारण सगळे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात आणि रंगमंचावर पोचतो तो मागच्या भिंतीवरून परतलेला, उशिराचा आवाज. पुढच्या विंगांत दोन्हीकडे एकेक स्पीकर आत तोंड करून ठेवा. संगीत ब्लूटूथवरून नको, तारेनं.

गारव्याचा प्रश्न मात्र खराच अवघड आहे. प्रेक्षकांना एसी हवा, नर्तकांना ऊब. हॉल २४ अंशांच्या आसपास ठेवा आणि रंगमंचावर थेट झोत सोडणाऱ्या जाळ्या बंद करा. त्या झोतानं पाठपडदाही हलतो. मेकअपच्या खोल्यांत मात्र पंखे, पिण्याचं पाणी, चालू नळ आणि स्वच्छ संडास. बर्फ दहा किलो, मुरगळल्यास लावायला, सरबतासाठी नाही. पावसाळा सुरू झाला की मागचं दार लावून घ्या आणि बाहेरचा पांढरा दिवा बंद ठेवा. पहिल्या सरीनंतरची पाखरं बाजूच्या दिव्यांवर झेपावतात, जळतात आणि जमिनीवर पडतात. कबुतरांचं तर नाट्यगृहवाल्यांना आम्ही काय सांगणार.

उघड्यावरच्या रंगमंचाचा मोह संभाजीनगरात जास्त, कारण वेरूळ-अजिंठा महोत्सवानं सोनेरी महालाच्या पार्श्वभूमीवर नृत्य बघायची गोडी लावली आहे. अनवाणी नाचणाऱ्या शैलींना ते शोभतं. व्हिनाइलवर हिवाळ्यात रात्री दव धरतं, आणि दव पडलेलं व्हिनाइल म्हणजे साबण लावलेली फरशी. बॅले बंद सभागृहातच घ्या.

आता प्रेक्षक, म्हणजे आसनव्यवस्था. मान्यवरांना पहिली रांग देणं हा नाचाच्या बाबतीत मान नव्हे. रंगमंच जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळेही जवळपास तेवढ्याच उंचीवर. पहिल्या रांगेतून जमीन कडेनं दिसते, म्हणजे दिसतच नाही. पावलं झाकली जातात, आणि दहा नर्तकांची जमिनीवरची आकृती एकमेकांत मिसळून जाते. खरी जागा सातव्या ते बाराव्या रांगेत मधोमध, किंवा बाल्कनीची पहिली रांग. निमंत्रितांना तिथे बसवा. पुढच्या रांगा नृत्यवर्गाच्या मुलामुलींना द्या, ती जवळून पावलं निरखतात आणि जागा रिकाम्याही राहत नाहीत. निमंत्रितांपैकी निम्मे येत नाहीत आणि पुढच्या दोन रांगा ओस पडतात, हे दृश्य रंगमंचावरून फार वाईट दिसतं.

अशा संध्याकाळी बहुधा वीस-तीस मिनिटांच्या दोन किंवा तीन रचना असतात. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद, आणि उशिरा आलेल्यांना पुढच्या रचनेआधीच्या टाळ्यांतच आत घ्यायचं. हे डोअरकीपरला एकट्याला जमणार नाही, त्याला नगरसेवकाला अडवावं लागेल. समितीतलं एक वजनदार माणूस दारात उभं करा. स्वयंसेवक हवे असतील तर विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातली मुलं हे काम समजून करतात.

टाळ्यांचा घोळ होतो तो मधल्या शांततेमुळे. समकालीन रचनेत संगीत मध्येच थांबतं, कधी पूर्ण अंधार होतो, आणि नाच चालूच असतो. संपलं समजून टाळ्या पडतात, चार माणसं उठतातही. उपाय म्हणून दारात एक पानाचं पत्रक द्या. त्यात प्रत्येक रचनेचं नाव, नृत्यरचनाकार, संगीत, किती मिनिटांची आणि मध्ये अंधार-शांतता आहे का, एवढं हवं. गोष्ट शोधू नका, असंही एक वाक्य लिहायला हरकत नाही. अर्ध्या प्रेक्षकांचा जीव त्यानं भांड्यात पडतो. उत्तम उडीला मध्येच दाद दिली तर बिघडत नाही. वन्स मोअर मात्र नको, दम आणि प्रकाशाचे क्रम दोन्ही मागे फिरवता येत नाहीत. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना रंगीत तालमीला बोलवा. तिथे ते हवे तिथून, फ्लॅशशिवाय फोटो काढतील, आणि प्रयोगाच्या वेळी कॅमेरा दारात ठेवतील.

तारीख धरताना पंचांग उघडून बघा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि दाट तिथीला संध्याकाळी सात-आठच्या सुमारास नाट्यगृहासमोरून वरात जाते. रंगमंचावरच्या शांततेत बाहेरचा डीजे स्पष्ट ऐकू येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात नाट्यस्पर्धांच्या तारखाही बघाव्या लागतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हवेसाठी सगळ्यात बरा. तेव्हा फक्त लग्नतिथी चुकवा.

हे सगळं दर वेळी पत्र लिहून कळवावं लागू नये म्हणून आरक्षणाच्या अर्जात ‘नृत्य’ असा स्वतंत्र रकाना घाला. त्याखाली जमिनीचा प्रकार, मंजूर वीजभार, विंगांची मोकळी रुंदी, रंगमंचाची उंची आणि एसीचे तास एवढ्या पाच गोष्टी छापा. टेप घेऊन मोजायला दोन माणसं आणि एक सकाळ पुरेल. बोलावलंत तर आमच्यातलं कुणीतरी येईल.

प्रयोग संपल्यावर आणखी अडीच तास लागतात, हेही त्याच अर्जात असू द्या. टेप सावकाश, आडव्या कोनात ओढावी लागते, प्रत्येक पट्टा पुसून कडक नळीभोवती गुंडाळावा लागतो, घडी अजिबात चालत नाही, कारण एकदा पडलेली घडी पुढच्या गावी उंचवटा होऊन वर येते. चौकीदाराला आधी सांगून ठेवा, म्हणजे साडेदहाला तो मेन स्विच पाडणार नाही.

आपले,
रंगमंचामागे काम करणारे काही जण